लेकरांची कड

एनेलेसीची पांढरी पिकअप चढावर दिसली की चिसेका गावातली म्हातारी माणसं खोकायची थांबायची. भिंतीला टेकून बसलेला ताठ व्हायचा, हातातली काठी दाराआड जायची, आणि कुणीतरी एकजण हमखास ओरडायचा, "परत ने गं बाई ती मोजायची टेप! मी अजून भाजलेला मका दातांनी खातोय!" सगळा उतार हसायचा. एनेलेसीही हसायची, पण गाडीतून उतरताना तिला ते हसणं थोडं बोचायचं.

गावाची तरी काय चूक? ती यायचीच मुळी मयताला. गेली कित्येक वर्षं चिसेकात कुणी डोळे मिटले की तिकडे झोम्बा शहरात तिचा फोन वाजायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बाई हजर. सख्खी पोरंसुद्धा इतक्या तत्परतेनं येत नसत. गावाची ती लेक होती, खरं आहे. पण लेकी काय सगळ्यांच्याच मयताला येतात?

तिचं काम जंगलाचं होतं, सरकारी खात्यातलं. इथलं मूळचं रान कसं टिकतं, कसं मरतं, आणि मरायला लागलं तर त्याला कसं सावरायचं, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि रान राहिलं होतं कुठं? डोंगर तर कधीच उघडे पडले होते. थोडे कोळशानं खाल्ले, थोडे तंबाखूच्या भट्ट्यांनी, उरलेले मक्यानं. जुनं जंगल शिल्लक होतं ते फक्त मेलेल्यांच्या डोक्यावर. प्रत्येक गावाची दफनभूमी म्हणजे एक गर्द राई. दोन माणसांच्या कवेत न मावणारे मोम्बो, तांबड्या चिकाचे म्लोम्ब्वा, अशी झाडं की ज्यांची नावं शाळेतल्या पोरांना आता ठाऊक नाहीत. तिथली काटकी मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याला जंगल वाचवायचा अभ्यास करायचा आहे त्यानं तिथंच जायला हवं, हे एनेलेसीनं फार लवकर ओळखलं.

अडचण एवढीच की तिथं जाता येत नाही. राईवर राज्य चालतं ते थडगी खणणाऱ्यांचं. त्यांना गावात 'नातवंडं' म्हणतात, वय काही का असेना. चिसेकातल्या नातवंडांचा मुखिया होता लामेकी, एनेलेसीच्या आईचा भाऊ, सत्तरी ओलांडलेला, पुढचे दात गेलेला, गावातला सगळ्यात थोरला नातू. पहिल्यांदा ती त्याच्याकडे परवानगी मागायला गेली तेव्हा तो अंगणात कुदळीचा दांडा तासत बसला होता.

"मामा, मला फक्त झाडं मोजायची आहेत."

"मढं कुठाय?"

"कुणाचं?"

"तुझ्याबरोबरचं. मढ्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. साहेब असो, पाद्री असो. देवाला यायचं असलं तरी त्यानंही एखादं घेऊन यावं."

"देवाला काय कमी आहेत?" एनेलेसी म्हणाली.

मामा खदाखदा हसला, पण परवानगी काही दिली नाही. दिली ती एवढीच, की मयत असेल त्या दिवशी खणणारे आत असतात, त्यांच्यासाठी कोंबडी शिजते, मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे वळले जातात, तेवढ्या वेळात तिनं आपलं मोजून घ्यावं. बायकांना आत खणण्याच्या जागी येऊ देत नाहीत, असं कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा मामानं त्याला गप्प केलं. "ही बाई नाही, हे सरकार आहे. सरकारला कोण अडवतंय?"

तर अशी ती मयतामागून मयत करत राहिली. आज पश्चिमेचा कोपरा, पुढच्या वेळी मधला भाग, पुन्हा कुणी गेलं की उत्तरेची बाजू. गावातली कर्ती माणसं एकेक करून गेली आणि राईचा नकाशा भरत गेला. मनाला न पटणारं असं काहीतरी त्यात होतं, पण ती माणसं काही तिच्यामुळं जात नव्हती, आणि जाताना तिला एक अख्खी दुपार देऊन जात होती. ती प्रत्येकाच्या मातीला मूठभर माती टाकायची आणि मगच टेप काढायची.

नकाशा भरत आला तसा मात्र तिला घोर लागला. राईत सगळी थोराड झाडं. लहान एकही नाही. मनगटाएवढं नाही, अंगठ्याएवढं नाही. शेंगा फुटून बिया पडत होत्या, पण खाली पानांचा गुडघाभर थर, वर उन्हाचा कवडसा नाही. जे उगवायचं ते कुजायचं, आणि त्यातून वाचलंच तर नातवंडं वाट करताना छाटून टाकायची. म्हणजे ज्या राईला गाव जिवापाड जपत होतं ती नुसती म्हातारी होत चालली होती. खणायला नातवंडं होती, झाडांना मात्र नव्हती.

गेल्या वादळात पाच-सहा जुनी झाडं आडवी झाली आणि राईला मोठाली भगदाडं पडली. आता गावप्रमुख, ज्याला गावाच्याच नावानं चिसेका म्हणत, तिथं निलगिरी लावायच्या विचारात होता. प्रमुख वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. त्याला भगदाडं बघवत नव्हती. रोपं काळ्या पिशव्यांतून येऊनही पडली होती, पाऊस महिन्याभरावर आला होता आणि शनिवारी बैठक होती.

"निलगिरी भरभर वाढते," तो एनेलेसीला म्हणाला होता. "माझ्या हयातीत मला सावली दिसेल. शवपेटीला फळ्या होतील. तुझे मोम्बो परत कधी येणार?"

"निलगिरी लावली तर कधीच नाही. ती पाणी ओढेल, खाली काही येऊ देणार नाही. तुमच्या पणजोबांच्या डोक्यावर खांबांची बाग उभी राहील."

"आणि नाही लावली तर येतील? दाखव मला एक पोर झाड. एक! तूच म्हणतेस की आत एकही नाही."

तिचंच मोजमाप तिच्या अंगावर आलं होतं. शनिवारपर्यंत तिच्याकडे राईतलं एक जरी तरुण झाड दाखवायला नसेल, तर तिथं निलगिरी लागणार होती, आणि एकदा लागली की ती कुणाच्या बापाला काढता येणार नव्हती.

न मोजलेली जागा एकच राहिली होती. पूर्वेची, ओढ्याकडची. लेकरांची कड.

जे मूल जन्मतानाच गेलं, किंवा नाव ठेवण्याआधी गेलं, त्याला मोठ्यांच्यात पुरत नाहीत. त्याला पुरुष हात लावत नाहीत. नातवंडांचंही तिथं काही चालत नाही. ज्यांची पाळी सरली आहे अशा बायकाच त्याला नेतात, ओढ्याच्या कडेनं, आणि ठेवून परत येतात. आईनं जायचं नसतं. कुठं ठेवलं ते विचारायचं नसतं. बापानं तर त्याबद्दल बोलायचंही नसतं. पुरुषांसमोर ती जागा नसतेच.

एनेलेसी बुधवारी संध्याकाळी थोरल्या मावशीकडे गेली. झेलिफा मावशी त्या बायकांची म्होरकी. ती भुईमूग सोलत बसली होती, आणि सोलता सोलता अर्धा खात होती.

"मावशी, लेकरांच्या कडेला झाडं कशी आहेत गं?"

"झाडांसारखी."

"तसं नाही. लहान आहेत का? कोवळी?"

"आम्ही काय झाडं बघायला जातो तिकडं? खाली मान घालून जायचं, खाली मान घालून यायचं. वर बघितलंय कुणी?"

"मला नेशील?"

"तू अजून बाळंत होणारी बाई. त्या वाटेनं गेलीस तर पुढची तीच वाट धरतील."

"पुढची कुठली आता? थांबलं सगळं. गेल्या पावसाळ्यापासून."

मावशीचे हात थांबले. "खरं सांगतेस? आणि मला बोलली नाहीस! मी आपली तुला पोरगी समजून बोलतेय. म्हातारी झालीस की गं तू!" तिनं तिच्या गुडघ्यावर थाप मारली. भाचीला मोठी बढती मिळाल्यासारखा आनंद झाला होता तिला. "मग काय, ये की आमच्यात. पुढच्या वेळी ये."

पुढच्या वेळी. मावशी बोलून गेली आणि मान खाली घालून पुन्हा सोलायला लागली. टोपलीत शेंगा टाकल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"नको," एनेलेसी उठली. "त्या वेळेची वाट नाही बघायची मला. राहू दे तो तुकडा कोरा."

ती हे मनापासून बोलली होती. भरल्या वयाचं माणूस जायचं आणि तिनं टेप काढायची, त्यावर गाव हसत होतं, तीही हसत होती. पण एखादं लेकरू गेल्याचा फोन यावा म्हणून कोण झुरेल? नोकरी गेली तरी चालेल, निलगिरी लागली तरी चालेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

आणि आणखी एक होतं, जे ती कुणाशी बोलत नसे. त्या कडेला तिचंही एक होतं. बाविसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. मुलगा झाला. रडला नाही. मावशीनंच त्याला चटईत गुंडाळलं आणि उचलून नेलं, आणि एनेलेसी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढं दोन मुलं झाली, शिकली, एक नोकरीलाही लागला. तिनं कधी विचारलं नाही. पण इतकी वर्षं ती राई मोजत होती ती नेहमी पश्चिमेकडून, आणि ओढ्याचा आवाज कानावर यायला लागला की तिची टेप आपोआप गुंडाळली जायची. नियम आहे म्हणून, असं ती म्हणायची.

बैठकीपर्यंत एनेलेसी गावातच राहिली. गुरुवारी पहाटे मावशीच्या शेजारच्या मलिताला कळा सुरू झाल्या होत्या, त्या शुक्रवार उजाडला तरी संपेनात. सायकलवर बसवून न्यायची तिची अवस्था नव्हती. एनेलेसीनं पिकअपच्या मागच्या भागात गवताची गादी केली, मलिताला आणि तिच्या आईला बसवलं आणि गाडी काढली. रस्ता म्हणजे नुसत्या चाऱ्या. प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला एनेलेसी देवाला काही ना काही कबूल करायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती बसून राहिली. ऊन भिंतीवरून खाली आलं. शेवटी परिचारिका बाहेर आली आणि दारातच थांबली, पुढं आली नाही. तेव्हाच कळलं.

"आई ठीक आहे," परिचारिका म्हणाली.

आणि त्या क्षणी, मलिताच्या आईचा हात हातात असताना, एनेलेसीच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: आता जाता येईल.

फक्त तेवढंच. आलं आणि गेलं. पण आलं होतं. तिला स्वतःची इतकी किळस वाटली की तिनं तो हात सोडून दिला.

गाडी गावात आली तेव्हा दुपार कलली होती. मावशी आणि आणखी तिघी जणी डोक्याला फडकी बांधून तयार होत्या. मावशीनं एक फडकं एनेलेसीपुढं धरलं.

"मी येत नाही," एनेलेसी म्हणाली.

"का?"

"तिथं दारात उभं असताना माझ्या मनात आलं, की आता मला आत जाता येईल. ते पोर गेलं आणि मला माझी झाडं आठवली, मावशी! माणूस आहे का मी?"

मावशीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग फडकं स्वतःच तिच्या डोक्याला गुंडाळायला लागली, जरा आवळूनच.

"मनात आलं म्हणून मूल गेलं का? मूल गेलं म्हणून मनात आलं. क्रम तरी नीट लाव, एवढी शिकलीस ती. आणि मनात येण्यावर जर माणसं पुरायची म्हटली तर या गावात खणायला कोण उरेल? चल. मलिताच्या पोराला न्यायला चार जणी आहेत. पाच झाल्या तर बरंच."

टेप तिनं गाडीत टाकली आणि गाडीला कुलूप लावलं.

त्या बोलत नव्हत्या, गात नव्हत्या. पुढं मावशी, तिच्या हातात उशीएवढी चटई, मोम्बोच्या सालीच्या दोरीनं बांधलेली. मागं आखूड दांड्याची कुदळ घेतलेली बाई, मग एनेलेसी, मग बाकीच्या. ओढा ओलांडून वाट राईच्या कडेला लागली. एनेलेसीनं सगळ्यांसारखी खाली मान घातली होती. पण माणसाची सवय कुठं जाते? पायाखालची पानं पातळ झालेली तिला जाणवली, मग उजेड जाणवला, आणि तिनं वर पाहिलं.

सगळी कड लाल होती.

मोम्बोला पावसाआधी नवी पानं फुटतात ती तांब्यासारखी लाल असतात, हे ती लहानपणापासून पाहत होती. पण राईतली लाली शेंड्यावर, आभाळात असते. ही तिच्या तोंडासमोर होती, खांद्याला लागत होती. कोवळी झाडं. सरळ, सडपातळ, काही मनगटाएवढी, काही मांडीएवढी, काही नुसती करंगळीसारखी. एकमेकांना खेटून, ओढ्याच्या काठानं दूरपर्यंत. ती आधी चक्रावली. आपण भलत्याच ठिकाणी आलो, असं तिला वाटलं.

मावशीनं जागा निवडली. बाईनं कुदळ मारली. खड्डा असा तो केवढा असणार? हातभर रुंद, गुडघ्याएवढा खोल. तिसऱ्या घावाला कुदळ मुळाला लागली. बाईनं मूळ तोडलं, बाजूला सारलं, पुन्हा घाव घातला. आणि एनेलेसी ते तुटलेलं मूळ बघायला गुडघ्यांवर बसली.

मोठ्या झाडांची मुळं या कडेपर्यंत आली होती. मोम्बोचं मूळ तोडलं की त्याच्या टोकाला कोंब फुटतो. ऊन मिळालं तर त्याचं झाड होतं. आत, मोठ्यांच्या थडग्यांपाशी, अंधार होता आणि नातवंडांचे पाय होते. इथं ऊन होतं, आणि एकदा खणून गेल्यावर कुणी फिरकत नव्हतं. बी रुजून नव्हतीच आली ही झाडं. प्रत्येक लेकरासाठी या बायकांनी एक खड्डा खणला होता, प्रत्येक खड्ड्यानं एक मूळ तोडलं होतं, आणि त्या तुटल्या जागी एकेक झाड उभं राहिलं होतं. पन्नास वर्षं, शंभर वर्षं. राईची सगळी पुढची पिढी इथं होती, आणि ती याच लेकरांनी दिली होती.

मलिताचं बाळ आत ठेवलं. माती लोटली. रडायचं नसतं म्हणून कुणी रडलं नाही. मावशीनं हात झटकले आणि मग भाचीकडं पाहिलं. ती अजून गुडघ्यांवरच होती.

"मोज की मग," मावशी हलकेच म्हणाली.

"टेप नाही आणली."

"का?"

"लाज वाटली."

मावशीनं सुस्कारा सोडला. चटईची दोरी बांधून उरली होती, लांबलचक. ती तिनं कमरेच्या गाठीतून सोडवली. "हे घे. गाठी मार."

एनेलेसीनं दोरी घेतली, पण उठली नाही. "मावशी, माझा कुठला?"

"काय माहीत."

"तू आणलंस त्याला. आठवत नाही?"

"आठवायचंच नसतं, बाळा. खूण ठेवली असती तर तू येऊन त्या खुणेपाशी बसली असतीस, आणि मागून झालेली दोघं घरी उपाशी राहिली असती. म्हणून कुणी खूण ठेवत नाही. मीही माझी ठेवली नाही."

मावशीचंही इथं होतं हे एनेलेसीला आजवर माहीत नव्हतं. ती उठली आणि पहिल्या झाडाला दोरी गुंडाळली, जिथं टोक जुळलं तिथं गाठ मारली. मग दुसऱ्याला. तिच्या मुलाच्या वयाचं झाड केवढं जाड असेल, हे तिला सांगता आलं असतं. तोच तिचा धंदा होता. तेवढ्या जाडीची झाडं बरीच होती. त्यातलं एखादं निवडून त्याला जास्त वेळ धरून उभं राहावं, असं तिला वाटलंही. पण मग बाकीच्यांनी काय करायचं? तिनं प्रत्येकाला सारखीच मिठी घातली, करंगळीएवढ्यालासुद्धा, आणि बायका ओढ्याकाठी मुकाट्यानं थांबून राहिल्या. दोरी संपली तेव्हा झाडं बरीच उरली होती.

परतताना मावशी एवढंच म्हणाली, "हे इथलं इथं. पुरुषांच्या कानावर घालायचं नाही."

"मग उद्या मी काय दाखवू?"

"ते तू बघ. शिकलीस ना?"

शनिवारी बैठक भरली. पुरुष खुर्च्यांवर आणि बाकांवर, बायका चटयांवर. निलगिरीची रोपं अंगणात रांगेनं मांडली होती, कुणीतरी त्यांना पाणीही घातलं होतं. प्रमुख चिसेका डोक्यावर टोपी घालून बसला होता. त्यानं विषय मांडला आणि मग एनेलेसीला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली. "निलगिरी लावू नका. जिथं झाडं पडली आहेत तिथं आता ऊन येतंय. त्या मोकळ्या जागेत चर खणा, गुडघ्याएवढे खोल, असे की आजूबाजूच्या जिवंत मोम्बोंची मुळं तुटतील. मग काट्यांचं कुंपण घाला, शेळ्या आत येऊ देऊ नका, आणि कुणी तिथून वाट पाडू नका. दोन पावसाळे थांबा. तोडलेल्या मुळांतून झाडं वर येतील. तुमचीच, जुन्या वाणाची."

मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे मढं नसताना खणायचं?"

सगळे हसले. मामाही हसला, पण मान हलवत. "मढ्याशिवाय तिथं कुदळ पडलेली मी तर पाहिली नाही. माझ्या आजोबांनीही नाही."

"आणि मुळं तोडल्यावर झाड येतं?" प्रमुख म्हणाला. "मी तर तोडल्यावर मरतं असं ऐकलंय. कुणी पाहिलंय हे? इथं, आपल्या राईत?"

एनेलेसीनं बायकांकडं पाहिलं. बायका चटईकडं पाहत होत्या. मलिताची आई कडेला बसली होती. झेलिफा मावशी आपल्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा काठ बोटांत धरून चुरगाळत होती, आणि तिनं मान वर केली नाही. काल जे पाहिलं ते सांगितलं तर गावाची झाडं वाचत होती आणि त्या बायकांचा शब्द मोडत होता. न सांगितलं तर ती रोपं अंगणात तयारच होती.

"मी पाहिलंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"ती जागा मला इथं सांगता यायची नाही."

"मग आम्ही काय समजायचं?" प्रमुख जरा चिडला. "आजवर सगळं मोजून सांगितलंस, आणि आता नुसता विश्वास ठेवा म्हणतेस?"

इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते असं भर अंगणात निघेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"तिथल्या झाडांतलं एक माझं आहे," ती म्हणाली.

कोंबड्या तेवढ्या रोपांमध्ये उकरत होत्या. ज्याला कळलं नाही असा तिथं कुणी नव्हता, कारण ज्यानं त्या कडेला काही पाठवलं नाही असं घर चिसेकात नव्हतं. खुर्च्यांवरचे पुरुष आपापल्या पायांकडं पाहायला लागले. प्रमुखानं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानं एकदाच चटईवर बसलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं, आणि तिनं या वेळी मान वर केली.

लामेकी मामा खाकरला.

"खणू," तो म्हणाला.

"आणि नियम?" मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"नियमाचं मी बघतो. नातवंडं कशाला ठेवलीत गावानं, नुसत्या कोंबड्या खायला?"

या वेळी मात्र कुणी मोठ्यानं हसलं नाही. प्रमुखानं मान डोलावली. रोपं बाजारात नेऊन द्यायची की शाळेमागं लावायची, एवढंच मग बोलणं झालं आणि माणसं उठली.

एनेलेसी गाडीपाशी आली तेव्हा मामा मागून आला. मामाची बायको दुसऱ्या गावची. नवऱ्यानं बायकोच्या गावी राहायला जायचं हा इथला रिवाज सोडून त्यानं तिलाच इथं आणून ठेवली, म्हणून गाव त्याला अजून टोमणे मारतं. तिला दोन खेपा वाया गेल्यावर तिसऱ्या खेपेला पोर जगलं, हे एनेलेसीनं आईकडून कधीतरी ऐकलं होतं. गावातली प्रत्येक मोठी माती या माणसाच्या हातून गेली होती. ती दोन तेवढी गेली नव्हती.

तो गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची सोय नव्हती. तिनं घाई केली नाही.

"उंच झालीत का गं?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुमच्याहून उंच, मामा."

मामानं मान वर केली आणि आपल्या डोक्याच्या वर, रिकाम्या हवेत, बराच वेळ पाहत राहिला.